फुफ्फुसाच्या कॅन्सरची इम्युनोथेरपी: सलाईन मुंबईत, साइड इफेक्ट भडगावात

आजचा विषय नवीन फोनचा किंवा ॲपचा नाही, पण तुमच्या हातातल्या फोनचा त्याच्याशी थेट संबंध आहे. घरात, भावकीत किंवा गल्लीत कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला असेल, तर ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द तुमच्या कानावर आलाच असेल. “केमोसारखे केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत, एकदम भारी औषध आहे,” असंही कुणीतरी सांगितलं असेल.

यातलं बरंचसं खरं आहे. तरीही एक गोष्ट सांगायची राहून जाते. या औषधाचे साइड इफेक्ट सलाईन लावताना दवाखान्यात क्वचितच दिसतात. ते दिसतात घरी, काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी. आणि दिसतात तेव्हा ते अगदी साध्या आजारासारखे वाटतात: खोकला, जुलाब, थकवा, वाढलेली तहान. त्यामुळे धोका फक्त साइड इफेक्टचा नसतो, तो वेळेत न ओळखण्याचाही असतो. आणि ओळखायचं काम बऱ्याचदा घरातल्याच माणसावर येतं, म्हणजे तुमच्यावर.

चला, सविस्तर समजून घेऊया.

आत्ताच हा विषय का?

आतापर्यंत ही औषधं आपल्याकडे फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचत होती. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आपल्या संशोधनात लिहिलं आहे की भारतासारख्या देशांत ज्यांना इम्युनोथेरपीची गरज आहे, त्यांतल्या जेमतेम १ ते ३ टक्के रुग्णांनाच ती मिळते. कारण एकच, किंमत.

हे चित्र आता हळूहळू बदलतंय. गेल्या काही काळातल्या या चार घडामोडी बघा.

- जुलै २०२४ च्या केंद्रीय बजेटमध्ये कॅन्सरच्या तीन औषधांवरची कस्टम ड्युटी माफ झाली. त्यात डुर्वालुमॅब होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं हे इम्युनोथेरपीचं औषध आहे.
- २०२५ च्या बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर सुरू करण्याची घोषणा झाली. त्यांतली २०० सेंटर २०२५-२६ मध्येच करायची होती.
- २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्यात ॲटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावरचा जीएसटी शून्य झाला.
- निवोलुमॅब हे या गटातलं खूप वापरलं जाणारं औषध. त्याच्या भारतातल्या मुख्य पेटंटची २० वर्षं मे २०२६ मध्ये पूर्ण होतात. पेटंट संपलं की दुसऱ्या कंपन्यांना त्याच औषधाच्या स्वस्त आवृत्त्या विकायचा रस्ता मोकळा होतो.

या चारही गोष्टी एकाच दिशेने जातात. जे औषध काल फक्त मोठ्या शहरातल्या पैसेवाल्या रुग्णाला मिळत होतं, ते उद्या जळगाव, धुळ्याच्या रुग्णालाही मिळू शकतं. ही आनंदाचीच बातमी आहे. पण औषधाची बाटली जितक्या लवकर जिल्ह्यापर्यंत येते, तितक्या लवकर त्या औषधावर नजर ठेवणारी यंत्रणा येत नाही. या लेखाचा मुद्दा नेमका तोच आहे.

इम्युनोथेरपी म्हणजे इम्युनिटी बूस्टर नव्हे

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. कोरोनानंतर ‘इम्युनिटी वाढवा’ हे शब्द इतके कानावर पडले की इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणारं टॉनिक, असं अनेकांना वाटतं. तसं नाहीये.

आपल्या शरीरात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. बाहेरच्या जंतूंना आणि बिघडलेल्या पेशींना शोधून मारणं हे त्यांचं काम. पण या पेशी बेफाम सुटल्या तर आपल्याच अवयवांवर तुटून पडतील, म्हणून शरीराने त्यांना ब्रेक दिलेले आहेत. त्यातल्या एका ब्रेकचं नाव पीडी-१. जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या तासुकू होन्जो यांच्या टीमने १९९२ मध्ये तो शोधला. दुसऱ्या एका ब्रेकवर, म्हणजे सीटीएलए-४ वर, अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी काम केलं. या दोघांना २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कॅन्सरच्या पेशी चलाख असतात. त्या टी-पेशींचा हाच ब्रेक दाबून धरतात आणि स्वतः सुरक्षित राहतात. इम्युनोथेरपीचं औषध तो ब्रेक सोडवतं. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, ॲटेझोलिझुमॅब, डुर्वालुमॅब ही सगळी याच कामाची औषधं. ब्रेक सुटला की टी-पेशी कॅन्सरवर हल्ला करतात.

आता गाडीचा ब्रेक काढला तर ती फक्त आपल्याला हव्या त्या रस्त्यावरच पळेल, याची खात्री कोण देणार? टी-पेशी कधी कधी फुफ्फुस, आतडी, थायरॉइड, लिव्हर, त्वचा, स्वादुपिंड, फार क्वचित हृदय, अशा चांगल्या अवयवांवरही हल्ला करतात. हाच इम्युनोथेरपीचा साइड इफेक्ट. तो केमोच्या साइड इफेक्टपेक्षा मुळातच वेगळा आहे, म्हणून त्याचा उपचारही वेगळा असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही औषधं रक्तात रेंगाळतात. साधारण तीन आठवड्यांनी त्यांचं प्रमाण फक्त अर्ध्यावर येतं आणि टी-पेशींवरचा त्यांचा परिणाम त्याहून जास्त काळ टिकतो. त्यामुळे शेवटचं सलाईन होऊन दोन-चार महिने झाले तरी साइड इफेक्ट येऊ शकतो. “ते औषध तर कधीच बंद झालं” असं म्हणून विषय सोडू नका.

ट्रायलमधले आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे

पहिल्यांदा चांगली बाजू. २०१६ मध्ये ‘कीनोट-०२४’ नावाच्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या ३०५ रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब आणि केमोथेरपी यांची तुलना केली होती. हे सगळे असे रुग्ण होते की ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ या प्रथिनाचं प्रमाण ५० टक्के किंवा जास्त होतं. पाच वर्षांनी इम्युनोथेरपीच्या गटातले जवळपास ३२ टक्के रुग्ण जिवंत होते, केमोच्या गटातले १६ टक्के. म्हणजे दुप्पट. औषधामुळे झालेले गंभीर त्रासही कमी होते: इम्युनोथेरपीत सुमारे २७ टक्के, केमोत ५३ टक्के.

म्हणून कुणी घाबरून हे औषध नाकारावं, असं अजिबात म्हणायचं नाही.

पण ट्रायलमध्ये रुग्ण निवडून घेतलेले असतात. त्यांची तब्येत बऱ्यापैकी असते, ते चालते-फिरते असतात. ज्यांना संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार आहे, इन्फेक्शन चालू आहे किंवा स्टिरॉइडचा मोठा डोस चालू आहे, अशांना सहसा घेत नाहीत. शिवाय त्यांची तपासणी ठरलेल्या दिवशी होते, नर्स फोन करून विचारपूस करते. आपल्या ओळखीतला सत्तरीतला, आयुष्यभर बिडी ओढलेला, आधी टीबी होऊन गेलेला रुग्ण या निवडीत बसेलच असं नाही.

याचा फरक आकड्यांत दिसतो. फुफ्फुसाला सूज येणं, म्हणजे न्यूमोनायटिस, हा या औषधाचा सगळ्यात भीतीदायक साइड इफेक्ट. कीनोट-०२४ मध्ये तो ६ टक्क्यांच्या आत होता. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलने इम्युनोथेरपी घेतलेल्या फुफ्फुस कॅन्सरच्या २०५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ मध्ये निकाल छापला. त्यात ३९ जणांना, म्हणजे १९ टक्के रुग्णांना, न्यूमोनायटिस झालेला निघाला. एका हॉस्पिटलचा आकडा सगळ्या जगाला लागू होत नाही हे बरोबर. पण ट्रायलच्या कागदावरचा आकडा हा तुमच्या घरातल्या रुग्णासाठी किमान आकडा समजावा, एवढं त्यातून नक्की कळतं.

जीव जाण्याचा धोका किती? ११२ ट्रायल एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात पीडी-१ गटातल्या औषधांमुळे मृत्यू होण्याचं प्रमाण हजारात तीन-चार एवढं आलं. म्हणजे कमी. पण त्याच अभ्यासात जागतिक आरोग्य संघटनेकडे आलेल्या नोंदीही तपासल्या होत्या. हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या १३१ नोंदींपैकी ५२ रुग्ण दगावले होते. थोडक्यात, गंभीर साइड इफेक्ट क्वचित होतो, पण झाला तर दिवसांचा नाही, तासांचा प्रश्न असतो.

भडगावात खरी अडचण कुठे येते?

समजा, भडगावच्या एका घरातले आप्पा मुंबईला किंवा छत्रपती संभाजीनगरला इम्युनोथेरपी घेतात. दर तीन आठवड्यांनी पाचोऱ्याहून किंवा कजगावहून रेल्वे पकडायची, मुंबई म्हटलं तर साडेतीनशेहून जास्त किलोमीटर जायचं, अर्धा-पाऊण तासाचं सलाईन घ्यायचं आणि परत यायचं. म्हणजे २१ दिवसांतले साधारण १९ दिवस आप्पा गिरणाकाठी आपल्या घरीच असतात. साइड इफेक्ट येणार असेल तर याच १९ दिवसांत येणार.

आता बघा काय होतं.

खोकला वाढला, दम लागला. गल्लीतल्या डॉक्टरांना वाटतं छातीत कफ झालाय. अँटिबायोटिक सुरू होतं. पाच दिवस जातात. प्रत्यक्षात तो न्यूमोनायटिस असू शकतो आणि त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही, स्टिरॉइड लागतं.

दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब. घरातले म्हणतात काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी येते. प्रत्यक्षात ती आतड्याची सूज असू शकते आणि गोळीने फक्त लक्षण झाकलं जातं.

थकवा, थंडी वाजणं, अंग जड होणं. सगळे म्हणतात कॅन्सर आहे, वय आहे, थकवा येणारच. प्रत्यक्षात थायरॉइड बंद पडलेलं असू शकतं. हा इम्युनोथेरपीचा अगदी नेहमीचा साइड इफेक्ट. एका साध्या रक्ततपासणीत कळतो आणि रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहतो.

खूप तहान, सारखी लघवी, मग उलट्या आणि गुंगी. आधी कधीच शुगर नव्हती म्हणून कुणी ग्लुकोमीटर लावतच नाही. प्रत्यक्षात टी-पेशींनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असू शकतात. असं क्वचित होतं, पण काही दिवसांतच रुग्ण आयसीयूत जाऊ शकतो.

इथे दोष कुणा एका डॉक्टरचा नाही. दिवसाला शेकडो सर्दी-खोकला बघणाऱ्या डॉक्टरसमोर इम्युनोथेरपीचा रुग्ण वर्षातून एखादा येतो. आणि तो रुग्ण “मुंबईला सलाईन चालू आहे” एवढंच सांगतो. कोणतं सलाईन, हे घरातही कुणाला माहीत नसतं.

खान्देशात आणखी एक अडचण आहे ती आपल्या माणसांच्या स्वभावाची. “काय व्हयनं आप्पा?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “काही नही, मी बरा शे.” पोराला पुन्हा रजा काढावी लागेल, गाडीभाडं जाईल, नाहीतर डॉक्टर औषधच बंद करतील, या भीतीने माणूस त्रास लपवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर हमखास. म्हणून “बरे आहात ना?” असा प्रश्न उपयोगाचा नाही. “काल संडासला किती वेळा गेलात? जिना चढताना थांबावं लागलं का?” असं मोजता येईल असं विचारा.

टीबीचा मुद्दा आपल्याकडे वेगळा

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेल्या अवस्थेत असतात. ब्रेक सुटल्यावर किंवा साइड इफेक्टसाठी मोठा स्टिरॉइडचा डोस दिल्यावर हे जंतू जागे होऊ शकतात. पाश्चात्त्य ट्रायलमध्ये हा प्रश्न फारसा दिसत नाही, कारण तिथे टीबीच कमी आहे.

म्हणजे आपल्याकडे इम्युनोथेरपीच्या रुग्णाचा खोकला तीन गोष्टींमुळे असू शकतो: कॅन्सर, औषधामुळे आलेली सूज किंवा टीबी. तिघांचे उपचार एकमेकांपेक्षा पूर्ण वेगळे. अंदाजाने औषध देण्यात किती धोका आहे, ते यावरून कळेल. सीटी स्कॅन आणि थुंकीची तपासणी लागते. घरात कुणाला आधी टीबी होऊन गेला असेल तर ते उपचार सुरू होण्याआधीच कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा.

टाटाचा कमी डोसचा प्रयोग

इथे महाराष्ट्रातल्याच एका कामाची माहिती हवी. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: इतका मोठा डोस खरंच लागतो का? तोंड-घशाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर त्यांनी ट्रायल केली. एका गटाला तीन स्वस्त औषधं दिली. दुसऱ्या गटाला तीच तीन औषधं आणि सोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही तो कमी आहे.

एका वर्षानंतर पहिल्या गटातले सुमारे १६ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले सुमारे ४३ टक्के. गंभीर त्रासाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, म्हणजे ५० आणि ४६ टक्के होतं. औषध जोडल्याने ते वाढलं नाही.

ही ट्रायल फुफ्फुसाच्या कॅन्सरची नव्हती, त्यामुळे तिचे आकडे तसेच्या तसे फुफ्फुसाला लावू नका. “टाटाने कमी डोस सांगितलाय” म्हणून स्वतः डोस ठरवू नका. पण यातून दोन गोष्टी कळतात. एक, आपल्याकडच्या रुग्णांसाठीची उत्तरं आपल्याकडेच शोधता येतात. दुसरी, डोस कमी झाला आणि किंमत उतरली की रुग्ण वाढणार. मग नजर ठेवण्याचं काम आणखी वाढणार.

फोनचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि याचा पुरावा आहे. फ्रान्समध्ये डॉ. फॅब्रिस डेनिस यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. एका गटाची नेहमीसारखी ठरावीक तारखांना तपासणी. दुसऱ्या गटातला रुग्ण दर आठवड्याला एका वेब ॲपमध्ये वजन, भूक, खोकला, दम, थकवा अशा मोजक्या गोष्टी भरायचा. काही बिघडलं की डॉक्टरांना आपोआप ईमेल जायचा. २०१७ मध्ये निकाल आला. नेहमीच्या गटात निम्मे रुग्ण १२ महिन्यांहून जास्त जगले, ॲपच्या गटात हाच आकडा १९ महिने. औषध नवीन नव्हतं. बिघाड लवकर कळला आणि उपचार लवकर झाले, एवढाच फरक. हा प्रयोग खास इम्युनोथेरपीसाठी नव्हता. पण जिथे साइड इफेक्ट घरीच येतात तिथे याचं महत्त्व जास्तच असणार, कमी नाही.

यात कोणतंही भारी तंत्रज्ञान नव्हतं. तुमच्या फोनमध्ये हे सगळं आजच करता येतं.

तुमच्या फोनमध्ये आज करायच्या सहा गोष्टी

१. औषधाचं नाव पाठ नाही, सेव्ह करा. डिस्चार्ज कागदाचा आणि औषधाच्या बॉक्सचा स्पष्ट फोटो काढा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकून तो पिन करा. प्रत्येक सलाईनची तारीख त्याच्याखाली लिहा.

२. हॉस्पिटलचा नंबर आधीच मागून घ्या. “रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?” हा प्रश्न पहिल्या सलाईनच्या दिवशीच विचारा. तो नंबर घरातल्या तीन जणांच्या फोनमध्ये ‘आप्पा कॅन्सर इमर्जन्सी’ अशा नावाने सेव्ह करा.

३. रुग्णाच्या लॉक स्क्रीनवर माहिती ठेवा. अँड्रॉइडमध्ये इमर्जन्सी इन्फर्मेशन आणि आयफोनमध्ये मेडिकल आयडी ही सोय असते. तिथे लिहा: ‘कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी चालू आहे / झालेली आहे’. आणि साधं पुठ्ठ्याचं कार्ड करून खिशातही ठेवा. अनेक देशांत रुग्णांना असं अलर्ट कार्ड हॉस्पिटलच देतं. तुम्हीही मागा.

४. रोज दोन मिनिटांची नोंद. नोट्स, गुगल शीट किंवा साधी वही, काहीही चालेल. पाच गोष्टी लिहा: खोकला-दम, जुलाब किती वेळा, अंगावर पुरळ, ताप, आणि आठवड्यातून एकदा वजन. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर ऑक्सिजन बसून आणि थोडं चालून, असा दोनदा मोजा. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका.

५. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच: “यांना कॅन्सरची इम्युनोथेरपी चालू आहे, हा तिचा साइड इफेक्ट असू शकतो का?” मग फोटो दाखवा. जमलं तर तिथूनच कॅन्सरच्या डॉक्टरांशी फोन जोडून द्या. हे एक वाक्य पाच दिवस वाचवू शकतं. एआय चॅटबॉटला लक्षणं विचारत असाल तरी तेच. इम्युनोथेरपीचा उल्लेख केला नाही तर उत्तर फ्लूचं येईल. आणि उल्लेख केला तरी ते उत्तर म्हणजे डॉक्टर नव्हे.

६. जुनी औषधं सांगा. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाचा जनुकीय बदल असतो, त्यासाठी ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या देतात. इम्युनोथेरपीनंतर लगेच ही गोळी सुरू केलेल्या काही रुग्णांत गंभीर साइड इफेक्ट दिसले आहेत. हॉस्पिटल बदललं की आधीची इम्युनोथेरपी सांगणं म्हणूनच गरजेचं आहे.

या लक्षणांना थांबायचं नाही

पुढच्यापैकी काही दिसलं तर “सकाळी बघू” म्हणू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८.

- नव्याने दम लागणं, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं
- छातीत दुखणं, धडधड, चक्कर, पापण्या जड होऊन खाली येणं
- दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब, किंवा शौचातून रक्त
- खूप तहान, सारखी लघवी, सोबत उलट्या किंवा गुंगी
- डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं
- असह्य डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ
- अंगभर पुरळ, फोड, किंवा तोंड सोलवटणं

उपचार म्हणून बहुतेक वेळा स्टिरॉइड दिलं जातं. त्या नावाला घाबरू नका. सुटलेल्या टी-पेशींना शांत करायला तेच लागतं. वेळेत मिळालं तर बरेचसे रुग्ण सावरतात. पण एक पक्कं लक्षात ठेवा: बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड मध्येच सोडायचं नाही. डोस चार-सहा आठवड्यांत हळूहळू कमी करतात. एकदम थांबवलं तर सूज परत उसळते.

व्हॉट्सॲपवरचे तीन मेसेज

“साइड इफेक्ट आला म्हणजे औषध लागू पडलं.” ज्यांना साइड इफेक्ट येतो त्यांच्यात औषधाचा गुणही जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलं आहे. पण ती संपूर्ण गटाची सरासरी आहे. तुमच्या रुग्णाचा दम हा शुभशकुन नव्हे.

“सोबत गुळवेल द्या, इम्युनिटी वाढेल.” ब्रेक सोडलेल्या गाडीला आणखी रेस देण्यात काय अर्थ आहे? मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती छापली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद बाजूला ठेवला तरी, इम्युनोथेरपी चालू असताना कोणताही काढा किंवा चूर्ण कॅन्सरच्या डॉक्टरांना न सांगता देऊ नका. लिव्हर बिघडलं तर ते कशाने बिघडलं, हेच मग कळत नाही.

“केमो वाईट, इम्युनो सेफ.” दोन्हींचे धोके वेगळे आहेत. केमोचा त्रास लवकर आणि उघड दिसतो. इम्युनोचा त्रास उशिरा आणि वेश बदलून येतो.

तुमची तक्रार गाझियाबादला, तिथून स्वीडनला

साइड इफेक्ट झाला, उपचार झाले, विषय संपला? नाही. त्याची नोंद व्हायला हवी. यासाठी ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’ हा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. डॉक्टरच पाहिजे असं नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. त्यासाठी सामान्य लोकांचा वेगळा फॉर्म आहे.

या नोंदी पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्राकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या डेटाबेसमध्ये जातात. वर सांगितलेला हृदयाच्या सुजेचा १३१ पैकी ५२ हा आकडा याच डेटाबेसमधून निघाला होता. म्हणजे भडगावची एक नोंदही त्या हिशेबात मोजली जाते. आणि भडगावसारख्या गावांतून नोंदच गेली नाही, तर टीबी होऊन गेलेल्या, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, उशिरा दवाखान्यात पोहोचणाऱ्या आपल्या माणसांना हे औषध कसं सोसतं, ते कुणालाच कळणार नाही. आकडे पाश्चात्त्य रुग्णांचे राहतील आणि औषध आपण घेत राहू.

यंत्रणेने काय करायला हवं?

घरातल्या पोरांनी जागरूक राहावं हे ठीक, पण सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. जिल्ह्याला डे-केअर कॅन्सर सेंटर येत असेल तर सलाईनच्या खुर्च्यांसोबत तीन स्वस्त गोष्टी मागायला हव्यात. प्रत्येक रुग्णाला मराठीतलं अलर्ट कार्ड. रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर. आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी एका पानाची सूचना: इम्युनोथेरपीचा रुग्ण असा खोकला घेऊन आला तर काय तपासायचं, कुणाला विचारायचं. प्रत्येक सलाईनआधी साखर, थायरॉइड, लिव्हरची तपासणी तिथेच झाली तर आणखी उत्तम. यातल्या कशालाही इम्युनोथेरपीच्या एका बाटलीएवढा खर्च येणार नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या घरात इम्युनोथेरपी चालू आहे त्यांनी वरच्या सहा गोष्टी आज संध्याकाळीच करून टाका. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आणि ओळखीत असा रुग्ण असेल तर ‘थांबायचं नाही’ ही लक्षणांची यादी त्याच्या घरातल्या फोन वापरणाऱ्या पोरापर्यंत पोहोचवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं हे फक्त तुमच्या कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)